पेटीचा तळ आधी बघा

मिस्त्रीची लोखंडी पेटी म्हातारी होते ती तळातून. वरचा रंग कधीच उडालेला असतो, कडी वाकलेली असते, झाकण एका बिजागरीवर लोंबत असतं, तरी माणूस ती वापरत राहतो. मग एक दिवस तळाला भोक पडतं, दहा-अकराचा पाना वाटेत कुठेतरी गळून जातो, आणि त्याच संध्याकाळी पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. आठ-दहा किलोची पेटी, किलोला तीसेक रुपये भाव. अडीचशे-तीनशे रुपये हातात पडतात. त्याच आठवड्यात तोच माणूस दीड-दोन हजार मोजून पातळ पत्र्याची नवी पेटी आणतो. हा व्यवहार तोट्याचा आहे. पैशाचा तोटा तर आहेच, पण कामाच्या वस्तूकडे बघण्याची एक चांगली सवय त्यात मोडते, आणि तो तोटा मला जास्त मोठा वाटतो.

मी रंगारी. कनेरगाव नाक्यावर गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रॉल्यांची मागची फळी, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उमेदीची वर्षं गेली. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम गेलं. सगळ्याच रंगाऱ्यांचं गेलं, माझं एकट्याचं नाही. तेव्हापासून हळूहळू जुन्या पेट्यांचं काम वाढत गेलं. आता वर्षाचा बराचसा वेळ माझ्यासमोर हत्यारांच्या पेट्याच असतात, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

आमचं गाव अशा पेट्यांच्या वाटेवरच वसलेलं आहे. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा मोठा रस्ता गावातून जातो. पैनगंगा ओलांडली की वाशिम जिल्हा, म्हणजे वऱ्हाड, अलीकडे मराठवाडा. निजामाच्या राज्याची हद्द इथे संपायची. हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, पण नाका त्याच्या कितीतरी आधीचा. नाक्यावर गाडी थांबते, थांबलेली गाडी कधी ना कधी बिघडते, म्हणून टपरीइतकीच गॅरेजं इथे जुनी. ट्रक-ट्रॅक्टरचे मिस्त्री, मोटार भरणारे, पंक्चरवाले, मळणीयंत्राची कामं करणारे, यांच्यातल्या प्रत्येकाकडे एक पेटी असते. बोअर मारायला तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या गाड्या येतात, त्यांच्यावर तर माणूस झोपेल एवढ्या मोठ्या पेट्या. हळदीच्या हंगामात कुकर आणि पॉलिशचे ढोल चालवणाऱ्यांच्या पेट्या येतात. त्या उघडायच्या आधीच ओळखू येतात, कारण कडीच्या खोबणीत, रिव्हेटच्या भोवती हळद बसलेली असते आणि काही केल्या निघत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळद ज्या यंत्रातून जाते ते यंत्र चालू ठेवणारी हत्यारं याच पेट्यांत असतात.

या सगळ्यांत माझा जीव रेल्वेच्या पेट्यांवर. आमच्या गावाला स्टेशन आहे, अकोला-पूर्णा मार्गावरचं. २००८ पर्यंत ही लाइन छोटी होती, म्हणजे मीटर गेज. मीनाक्षी एक्स्प्रेस यावरूनच जयपूरकडे जायची. गार्डाजवळ लोखंडी लाइन बॉक्स असायचा. लाल-हिरवी निशाणं, हातदिवा, रुळावर लावायचे फटाके, नियमांचं पुस्तक, सगळं त्यात. काळा रंग आणि वर पांढऱ्या अक्षरात गार्डाचं नाव आणि मुख्यालय. गाडी बदलली की पेटी उतरवायला आणि चढवायला वेगळा माणूस लागायचा, इतकी ती जड. आता गार्ड हे पदच राहिलेलं नाही, जानेवारी २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि लोखंडी पेटीच्या जागी चाकांची बॅग आली. वजन उचलणाऱ्यांच्या पाठीचा विचार केला तर हे बरंच झालं. पण त्या जुन्या पेट्या सोडून देण्यासारख्या नाहीत.

अशीच एक पेटी एका निवृत्त माणसाच्या मुलाने माझ्याकडे आणली. त्याला ती त्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानासाठी हवी होती. वरून कोणीतरी घरातल्या खिडक्यांचा निळा ऑइल पेंट फासलेला. मी पाणी पेपर घेतला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि झाकणाच्या मधोमध हळूहळू फिरवू लागलो. निळा गेला, खाली करडा लागला, करड्याखाली काळा. काळ्यावर आल्यावर पेपरचा नंबर बदलून बारीक घेतला. तेव्हा पांढरट अक्षरं वर आली. आधी इंग्रजीत पी, ए, यू, म्हणजे पूर्णा जंक्शनची खूण, आणि तिच्यावर एक नाव. अक्षरं ब्रशने काढलेली, साच्याने छापलेली नव्हेत. प्रत्येक अक्षराची उभी रेघ खाली येताना जराशी जाड होत गेलेली. ज्याने ती काढली त्याचा हात सरावाचा होता, हे मला त्या रेघेवरून कळलं. मुलगा म्हणाला, "काका, हे राहू द्या." मी तेवढा चौकोन तसाच ठेवला, कडेने बाकीची पेटी रंगवली आणि त्या चौकोनावर फक्त वॉर्निशचा पातळ हात दिला.

यावर लोकांची दोन मतं असतात. जुन्या वस्तूंचे शौकीन म्हणतात, गंजासकट ठेवा, रंग दिला की वस्तूची किंमत गेली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात केनेडी नावाची कंपनी आहे, १९११ सालची. तिच्या तपकिरी, बारीक सुरकुत्यांच्या रंगाच्या पेट्या तिथले लोक जपतात, आणि मूळ रंग ठेवावा की नवा द्यावा यावर हिरिरीने भांडतात. माझं मत सांगतो. पेटी दिवाणखान्यात ठेवायची असेल तर तिला हात लावू नका. पण जी पेटी उद्या पावसात ट्रॅक्टरखाली जाणार आहे, तिला रंग हवाच. रंग म्हणजे लोखंडाचं पांघरूण आहे, त्याशिवाय ते आमच्या हवेत टिकत नाही. फक्त जुनं नाव, जुनी तारीख, जुना शिक्का असेल तर तो पुसू नये. एवढी मधली वाट प्रत्येक पेटीत सापडते.

आता कामाचं बोलतो, कारण बहुतेक पेट्या वाईट रंगकामाने मरतात. गेल्या हंगामात पैनगंगेपलीकडचा एक पोरगा हळदीच्या कुकरवरची पेटी घेऊन आला. म्हणाला, "पेंटर काका, वरून एक हात मारून द्या, उद्या कामावर जायचंय." मी म्हटलं, "बाळा, आधी उलटी कर." उलटी केल्यावर तळाच्या दुमडीतून गंजाचे पापुद्रे खाली पडले. तिथे वरून हात मारून काय होणार? गंजावर दिलेला रंग पहिल्या पावसाळ्यात फुगतो आणि पापडासारखा निघून येतो. त्याच्याखाली गंज आणखी जोमाने वाढलेला असतो, कारण ओल आत कोंडलेली राहते.

म्हणून क्रम ठरलेला असावा. पेटी रिकामी करायची, रॉकेलने ग्रीस सोडवायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून धुवायची. तेलाचा अंश राहिला तर कुठलाही रंग धरत नाही. तळ गेला असेल तर तो कापून नवा टाकावा, वीस गेजचा पत्रा पुरतो. आर्क वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका; पातळ जुन्या पत्र्याला आर्कने भोकंच जास्त पडतात. रिव्हेट मारा. जुने डबे-पेट्या बनवणारे रिव्हेटच मारायचे, त्यामागे कारण होतं. रिव्हेट मारून झाल्यावर दुमडीत लांबी भरा, म्हणजे पाणी शिरणार नाही. पोचे काढायला मागून जड लोखंडाचा आधार देऊन लाकडी मोगरीने ठोकावं, लोखंडी हातोडीने पत्रा ताणला जातो आणि मग तो कायमचा टकटक वाजतो.

कड्या, बिजागऱ्या, कोयंडे यांचा गंज काढायला महाग औषध लागत नाही. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो टाका, प्लास्टिकच्या टबात रात्रभर भिजवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. चिंचेच्या कोळाने तांब्या-पितळेची भांडी उजळतात ना, त्याच जातीचं हे आंबट काम. फक्त बाहेर काढल्याबरोबर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवा, नाहीतर तासाभरात नारिंगी झाक पुन्हा येते. संडास धुवायचं ॲसिड मात्र कोणी वापरू नये. ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं आणि त्याच्या वाफेने शेजारी टांगलेली हत्यारंसुद्धा गंजतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या पिवळ्या, हिरव्या, शेंदरी रंगांत शिसं असायचं; आपण देवाला लावतो तो शेंदूर मुळात शिशाचीच भुकटी, आणि लोखंडाच्या जुन्या प्रायमरमध्येही तीच असायची. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीची कुठलीही रंगीत पेटी संशयास्पद धरावी. पाणी पेपर ओला करून घासायचं, तोंडाला मास्क लावायचा, पडलेला चिखल ओल्या फडक्याने गोळा करायचा. आणि लहान मुलांना जवळ फिरकू द्यायचं नाही. आमच्याकडे अंगणात काम चालतं आणि नातवंडं भोवती खेळत असतात, म्हणून हे लिहिणं मला रंगाच्या छटेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मग रेड ऑक्साइडचा एक पातळ हात. तो वाळला की पुट्टी, घासणी, आणि ऑइल पेंटचे दोन हात, मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ देऊन. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत. आमच्याकडे हे काम चैत्र-वैशाखात उत्तम होतं, हवा कोरडी असते. पण भर दुपारच्या उन्हात रंगवू नये. वरची साय आधी वाळते, आतला रंग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. सकाळी, सावलीत रंगवावं. आतून ऑइल पेंट देऊ नये, नुसतं प्रायमर पुरे. ज्या पेटीचे कप्पे पायरीसारखे उघडतात, तिच्या सरकत्या पट्ट्यांना तर रंगाचा थेंबही लागू नये. तिथे मेणबत्ती घासावी, कप्पे आवाज न करता उघडतात. शेवटी तळाला बाभळीच्या दोन पट्ट्या किंवा ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोका. पेटी जमिनीपासून बोटभर वर राहिली की तिचं आयुष्य वाढलं. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीच्या अतिवृष्टीत आमच्या जिल्ह्यात पाण्याने किती दुकानांत धुमाकूळ घातला ते सगळ्यांनी पाहिलं. पूर कोणी अडवू शकत नाही, पण रोजची ओल या दोन पट्ट्या अडवतात.

या सगळ्याला माल आणि मजुरी धरून माझ्याकडे पाचशेच्या आसपास खर्च येतो, तळ बदलायचा असेल तर थोडा जास्त. जुन्या पेटीचा पत्रा आजच्या स्वस्त पेट्यांपेक्षा जाड असतो. म्हणजे कमी पैशांत जास्त टिकाऊ वस्तू हातात राहते. प्लास्टिकच्या पेट्यांना मी नाव ठेवत नाही. वायरमनला खांबावर चढताना हलकी पेटी लागते, तिथे ती योग्यच. पण आमच्या उन्हाळ्यात ती उघड्यावर राहिली की दोन-तीन वर्षांत तडकते आणि तापलेल्या इंजिनावर टेकली की वितळते. आणि तडकलेल्या प्लास्टिकला तळ घालता येत नाही.

आता मुद्दा सरकारचा. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला, विश्वकर्मा जयंतीच्या निमित्ताने पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात अठरा व्यवसाय आहेत आणि अवजारं घेण्यासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. लोहार आहे, कुलूप करणारा आहे, हातोडा आणि अवजारसंच बनवणाराही आहे. योजना चांगली आहे, आमच्या भागातल्या सुताराला, लोहाराला तिचा उपयोग व्हायलाच हवा. पण हे पैसे नव्या खरेदीचे आहेत. ज्याच्याकडे वडिलांची धडधाकट हत्यारं आणि तळ गेलेली पेटी आहे, त्याला दुरुस्तीसाठी पाचशे रुपये कोण देणार? राज्याचं बांधकाम कामगार मंडळही नोंदणीकृत कामगारांना साहित्याच्या संचाबरोबर पत्र्याची पेटी देतं, गावोगाव त्या पेट्या पोचल्या आहेत. पाच-सात वर्षांनी त्यांच्या तळांचीही हीच गत होणार. तेव्हा त्या भंगारात जाऊ नयेत याची तजवीज आजच का करू नये?

दुरुस्तीला सरकारी पैसा देता येत नाही, असं कोणी म्हणू नये. ऑस्ट्रियात २०२२ पासून घरातलं विजेचं उपकरण दुरुस्त करून घेतलं की निम्मा खर्च, दोनशे युरोपर्यंत, सरकार द्यायचं. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण ते मोबाइल, मोटारी, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीसाठी. हातातल्या हत्याराचा आणि त्याच्या पेटीचा विचार त्याच्या पुढचा आहे. माझी मागणी साधी आहे. अवजारांच्या व्हाउचरमधला छोटासा हिस्सा जुनी अवजारं आणि पेट्या दुरुस्त करण्यासाठी वापरता यावा, आणि ते काम गावातल्याच पत्रेवाल्याला, रंगाऱ्याला मिळावं. त्यात पैसा गावातच फिरतो.

दुसरी मागणी आयटीआयकडे. फिटरच्या पोरांना पत्र्याचं काम शिकवतात. मोजमाप घेऊन, दुमडून, रिव्हेट मारून ट्रे आणि पेट्या बनवण्याचे जॉब असतात. ते जॉब बहुतेक वेळा तपासून झाले की कोपऱ्यात पडून राहतात. त्याऐवजी वर्षातला एक जॉब जुनी पेटी दुरुस्त करण्याचा ठेवावा. आसपासच्या गॅरेजवाल्यांकडून पेट्या मागवाव्यात, पोरांनी तळ घालावेत, रंग द्यावा, मालकाला परत करावी. नवीन पत्रा सरळ दुमडणं सोपं असतं. वाकड्या, गंजलेल्या पत्र्याला सरळ पत्रा जोडणं ही खरी कारागिरी, आणि बाहेर पडल्यावर पोरांना हेच करायचं असतं. हिंगोली, वाशिम, दोन्हीकडच्या प्राचार्यांनी याचा विचार करावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि शेवटी माझ्या मिस्त्री बांधवांना. आपण खंडेनवमीला पाने, पक्कड, जॅक धुऊन मांडतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूच्या माळा घालतो. हिंगोलीचा दसरा तर दीडशे वर्षांहून जुना, त्या दिवसांत सगळा जिल्हा रस्त्यावर असतो. पण हत्यारं ज्या पेटीतून निघाली ती त्या दिवशी मागे भिंतीशी, पोत्याखाली सरकवलेली मी दरवर्षी बघतो. यंदा तसं करू नका. पोळा झाला की पेटी रिकामी करा, उलटी ठेवून तळ बोटाने दाबून बघा. बोट आत गेलं तर पत्रेवाल्याकडे न्या, नाही गेलं तर घरीच घासा आणि रंगवा, वर सांगितलेलं सगळं कोणालाही जमतं. बाहेर पाऊस चालू असेल तर छपराखाली करा आणि दोन हातांमध्ये दोन दिवस जाऊ द्या. माझ्याकडे आणायची असेल तर पितृपक्ष लागायच्या आत आणा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आणलेल्या पेटीला मी रंग देत नाही, कारण ऑइल पेंट आतपर्यंत पक्का व्हायला आठवडा लागतो आणि ओल्या रंगावर हत्यारं ठेवली की सगळी मेहनत वाया जाते.